विद्यापीठ काय कामाचं, असं विचारणाऱ्यांना

वाशिम जिल्ह्यातल्या मानोऱ्यासारख्या तालुक्याला विद्यापीठ हवं कशाला, हा प्रश्न आता चारचौघांत उघड विचारला जातो. विचारणारे शिक्षणाचे वैरी नाहीत. त्यांतल्या अनेकांनी स्वतः पदवी घेतली आहे आणि ती पदरात पडल्यावर काय झालं हे पाहूनच ते बोलतात. त्यांचं म्हणणं साधारण असं : बी.ए., बी.कॉम. करून पोरगं ना शेतीच्या कामाचं राहतं ना नोकरीच्या. तीन-चार वर्षं घालवण्यापेक्षा त्यानं आयटीआय करावं, नाहीतर भरतीच्या अकॅडमीत जावं. ज्याला खरंच शिकायचं आहे त्याला मोबाइलवर फुकट शिकायला मिळतं. आणि विद्यापीठ म्हणजे तरी काय, तर शंभरेक किलोमीटरवर अमरावतीला बसून फॉर्म भरून घेणारं, हॉल तिकीट देणारं आणि निकाल लांबवणारं परीक्षेचं ऑफिस. त्यावरचा पैसा सरकारनं कौशल्य केंद्रांना द्यावा आणि मोकळं व्हावं. यातली तक्रार बरीचशी खरी आहे. तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि तो मानला तर त्याची किंमत आज शिकणाऱ्या मुलांपेक्षा त्यांच्या मुलांना जास्त मोजावी लागेल.

आधी शेतातलाच पुरावा घेऊ, कारण व्यवहारी माणसाला तो लगेच पटतो. वाशिम जिल्ह्याचा खरीप म्हणजे आज प्रामुख्यानं सोयाबीन. याच रानात दोन पिढ्यांपूर्वी कापूस, ज्वारी, तूर, मूग, उडीद असा खरीप होता. हा पालट घडायला बाजार, तेलाचे कारखाने, मजुरीचे दर अशी अनेक कारणं होती. पण पेरायला हातात जे बियाणं आलं, ज्यानं वर्षानुवर्षं रान व्यापलं, ते जे.एस. 335. हे वाण जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयानं काढलं आणि 1994 साली ते प्रसारित झालं. शंभर दिवसांच्या आसपास पीक निघतं, मागे हरभऱ्याला रान मोकळं होतं, एवढा हिशेब शेतकऱ्याला पुरेसा होता. जबलपूर नकाशावर कुठे आहे हे ठाऊक नसलेल्या कितीतरी घरांचा वर्षाचा खर्च एका विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर झालेल्या निवडीवर चालला. पुढे 2023च्या खरिपात विदर्भात पिवळ्या मोझॅकनं उभं सोयाबीन पिवळं पडलं, तेव्हा शोध सुरू झाला तो कोणतं वाण तग धरतं याचा. त्याचं उत्तर देणारी नावंही पुन्हा विद्यापीठांचीच : अकोल्याचं, परभणीचं, राहुरीचं. मानोऱ्याच्या पुढच्या पिढीचं जगणं विद्यापीठानं घडवावं की नाही, यावर वाद घालण्यात म्हणूनच अर्थ नाही. ते घडवलं जातंच आहे. वाद असलाच तर तो या गोष्टीचा, की हे काम इथल्या मातीकडे, माणसांकडे बघून होतं की न बघता.

अकोल्याचं कृषी विद्यापीठ काही आपोआप मिळालं नव्हतं. ते विदर्भात व्हावं म्हणून 1967 साली अकोल्यात आंदोलन पेटलं, गोळीबार झाला आणि मग 20 ऑक्टोबर 1969 रोजी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावानं ते उभं राहिलं. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, मानोऱ्याला लागून असलेल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. ज्या पिढीकडे आजच्यापेक्षा कितीतरी कमी होतं, तिला विद्यापीठ ही चैन वाटली नाही. आज तिची नातवंडं ते बिनकामाचं ठरवायला निघाली आहेत.

यावर लगेच उत्तर येईल की कृषी विद्यापीठाची गोष्ट वेगळी, आमची तक्रार कला-वाणिज्य-विज्ञानवाल्या विद्यापीठाबद्दल आहे. मान्य. पण ही गोष्ट वेगळी का झाली, हे नीट पाहिलं तर माझाच मुद्दा पक्का होतो. आपली कृषी विद्यापीठं अमेरिकेतल्या 1862च्या मॉरिल कायद्यातून निघालेल्या कल्पनेवर बेतली आहेत. पहिलं 1960 साली पंतनगरला झालं. शिकवणं, संशोधन आणि ते बांधावर नेणं ही तिन्ही कामं एकाच संस्थेनं करायची, असा तिथला करार आहे. त्यांचा कारभारही आदर्श नाही, पण निदान करार तसा आहे. याउलट मुंबई विद्यापीठ 1857 साली निघालं ते त्या काळच्या लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर : शिकवतील कॉलेजं, विद्यापीठ फक्त परीक्षा घेईल आणि पदवी देईल. पुढे विभाग आले, प्रयोगशाळा आल्या, पण संलग्न कॉलेजं आणि परीक्षा हा कणा तोच राहिला. तोच कणा 1923 साली नागपूर विद्यापीठाला मिळाला आणि 1 मे 1983 रोजी त्यातून वेगळं होताना अमरावती विद्यापीठानं तो वारशानं घेतला. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि पुढे झालेला वाशिम, असे पाच जिल्हे एका परीक्षा विभागाला जोडलेले. मानोऱ्याच्या विद्यार्थ्याला विद्यापीठ हिवाळी आणि उन्हाळी परीक्षेपुरतंच दिसतं, कारण त्याच्यापर्यंत पोचेल असं दुसरं काही त्या साच्यात ठेवलेलंच नाही. दोष ज्ञानाचा नाही, दीडशे वर्षांहून जुन्या साच्याचा आहे. दवाखान्यात नुसता केसपेपर मिळतो म्हणून औषधशास्त्रच बंद करा, असं कुणी म्हणत नाही.

उच्च शिक्षणावर संशय घेण्याची आपली परंपराही जुनी आणि मानाची आहे. तिचा आधार घेणाऱ्यांनी ती पुरती वाचावी. 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी सरकारला सुनावलं होतं की महसूल येतो रयतेच्या कष्टातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. प्राथमिक शिक्षणाची मागणी त्यांनी लावून धरली, ती रास्तच होती. पण त्याच निवेदनात, कॉलेजात न जाता घरी अभ्यास करणाऱ्यांना विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांनाही बसू द्यावं, असंही त्यांनी मागितलं. म्हणजे विद्यापीठ मोडा, असं ते म्हणत नव्हते. त्याची दारं ज्यांच्या पैशावर ते चालतं त्यांना उघडा, असं म्हणत होते. आज तळागाळाचं नाव घेऊन 'गरिबाच्या पोराला कौशल्य पुरे' असं सांगणारे फुल्यांचा अर्धाच कागद दाखवतात. आणि हा सल्ला कोण कुणाला देतं, तेही पाहावं. स्वतःच्या मुलांना पुण्याला नाहीतर परदेशात विद्यापीठात धाडणारेच तांड्यावरच्या मुलाला वायरमन व्हायला सांगत असतात. वायरमनच्या कामात कमीपणा काहीच नाही. कमीपणा आहे तो दुसऱ्याच्या मुलाची उंची आपण ठरवण्यात.

साचा बदलण्याचा प्रयत्न झालाच नाही, असंही नाही. राधाकृष्णन आयोगानं 1949च्या अहवालात ग्रामीण विद्यापीठांवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. त्यातून 1956च्या सुमारास देशात मोजक्या ठिकाणी ग्रामीण उच्च शिक्षणाच्या संस्था निघाल्या. कोल्हापूर जिल्ह्यात गारगोटीचं मौनी विद्यापीठ हे त्यांतलं एक आणि अमरावतीचं शिवाजी लोकविद्यापीठ हे दुसरं. गावाचा प्रश्न हाच अभ्यासक्रम, ही कल्पना वऱ्हाडात सत्तर वर्षांपूर्वी येऊन गेली आहे. ती टिकली का नाही? या संस्था द्यायच्या ती पदविका. नोकरीच्या बाजारात आणि इतर विद्यापीठांच्या दारात तिला पदवीचा मान मिळेना. विद्यार्थी पदवीकडे वळले आणि बहुतेक संस्था हळूहळू साध्या कॉलेजांच्या रांगेत जाऊन बसल्या. तमिळनाडूतल्या गांधीग्रामनं 1976 साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळवला आणि ते तगलं. आजच्या कौशल्यवाद्यांनी हा इतिहास जरूर वाचावा. पदवीच्या बाहेर ठेवलेलं शिक्षण, ते कितीही उपयोगी असलं, तरी गरिबाच्या पोरापाशी दुय्यम कागद म्हणूनच पोचतं. त्याला खरं काही द्यायचं असेल तर ते पदवीच्या आत घालावं लागेल.

राहिला रोजगार. इथे तर कौशल्यवाद्यांचं गणितच चुकतं. 2024च्या पोलीस भरतीत राज्यात 17,471 जागा होत्या आणि अर्ज आले साडेसतरा लाखांवर. एका जागेला शंभर जण. अकॅडमी त्या शंभरांतला आपला मुलगा पुढे काढू शकते, दुसरी जागा निर्माण करू शकत नाही. कौशल्याचंही तसंच आहे. कौशल्य शिकवायला आधी ते कुठल्या तरी कामाचं असावं लागतं, आणि तालुक्यात काम निर्माण होतं ते इथलं पीक, पाणी, जनावर, बाजार, माणसं यांच्याबद्दल कुणाला तरी काही नवं कळलं म्हणून. हमीभाव 2024-25 साठी 4,892 रुपये असताना त्या हंगामात सोयाबीन कितीतरी शेतकऱ्यांनी त्याखाली विकलं. या कोंडीवर सोयाबीन काढणीचं मशीन चालवायला शिकणं हे उत्तर नाही. इथल्या कोरडवाहू रानात दुसरं काय परवडेल, डाळीवर-तेलावर प्रक्रिया तालुक्यातच का होत नाही, पतपुरवठा नेमका कुठे अडतो, याचा चिवट अभ्यास हे उत्तर आहे. तो कंपनी करणार नाही, तिला मानोऱ्याचं बंधन नाही. मोबाइलवर तो सापडणार नाही, कारण तो अजून कुणी केलेलाच नसेल तर मोबाइल दाखवणार काय? जगभरचं ज्ञान फुकट मिळतं हे खरं. त्यातलं मानोऱ्याचं पान कोरं असलं तर ते कोरंच दिसणार.

पाण्याचंच घ्या. हा सगळा दख्खनच्या काळ्या दगडाचा प्रदेश. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, सच्छिद्र थरात आणि दगडाच्या भेगांत. त्यामुळे एका विहिरीला मार्चपर्यंत पाणी आणि बांधापलीकडची जानेवारीत कोरडी, हे इथे नेहमीचं. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते, ते काम मोलाचंही आहे. पण अशा खडकात मोजक्या विहिरींवरून शेजारच्या शिवाराचा अंदाज बांधता येत नाही. गावोगावच्या विहिरी मोजायला लागतं काय? एक टेप, वजन बांधायला दोरी आणि वही. काठावरून पाण्यापर्यंतचं अंतर घ्यायचं, कठड्याची उंची वजा करायची, तारीख टाकायची, शेजारी पंप चालू होता का ते लिहायचं. भूगोलाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे एका दुपारी शिकवता येतं. त्याला अवघड करते ती एकच गोष्ट, सातत्य. दहा-वीस वर्षं त्याच विहिरी, तेच महिने, तीच पद्धत. सरकारी योजना तीन-पाच वर्षांत गुंडाळली जाते, संस्थेचा प्रकल्प निधीबरोबर संपतो. दरवर्षी नवे विद्यार्थी येतात आणि तरी संस्था तीच राहते, असं या तालुक्याशी जोडलेलं एकच ठिकाण आहे : कॉलेज आणि त्याच्यामागचं विद्यापीठ. पुढच्या पिढीसाठी विद्यापीठानं काय करावं, याचं माझ्या लेखी सगळ्यात नेमकं उदाहरण हेच. वीस वर्षांनी बोअर कुठे घ्यावी, तळं कुठे खोदावं हे ठरवणाऱ्याच्या हातात वीस वर्षांची वही असणं.

तांड्यांची कथा याहून बोचरी आहे. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं मोठं श्रद्धास्थान, संत सेवालाल महाराजांचं समाधिस्थळ. 5 ऑक्टोबर 2024 रोजी तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं. नगाऱ्याच्या आकाराची वास्तू उभी राहिली, चांगलं झालं. पण वास्तू बोली जपत नाही. बंजाऱ्यांच्या गोरबोलीची पहिली पद्धतशीर नोंद ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात आहे, 'लभाणी' या नावानं. ते काम एका आयरिश सनदी अधिकाऱ्याचं. त्यानंतर शंभर वर्षांनी भारतीय भाषांचं लोकसर्वेक्षण झालं, अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली त्याचा महाराष्ट्राचा खंड 2013 साली आला. त्याचा पुढाकार गणेश देवींचा आणि बडोद्याच्या 'भाषा' संस्थेचा. प्राध्यापक त्यात होते, पण आपापल्या हौसेनं. दोन्ही वेळा विद्यापीठं, संस्था म्हणून, बाजूला उभी. आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे, तेही याच वऱ्हाडात. गोरबोलीचा कोश, तांड्यावरच्या लेंगी गीतांच्या नोंदी, ही त्याच्या अंगणातली कामं आहेत.

आणि बोलीपेक्षा जवळचा प्रश्न पोटाचा. दसरा-दिवाळीनंतर तांडे ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. शिकणारा मोठा मुलगा मागे राहिला तर धाकट्यांना आणि म्हाताऱ्यांना तोच सांभाळतो, बरोबर गेला तर हिवाळी परीक्षा बुडते. परीक्षेचा हंगाम आणि ऊसतोडीचा हंगाम एकमेकांवर आदळतात, हे वेळापत्रक करणाऱ्याला दिसत नाही, कारण कोणत्या तांड्यावरून किती विद्यार्थी कोणत्या महिन्यात बाहेर असतात याची नोंद ठेवणं परीक्षा विभागाचं काम नाही. संशोधन करणाऱ्या विद्यापीठाचं ते काम आहे. उच्च शिक्षणातलं नोंदणीचं प्रमाण 2021-22च्या अखिल भारतीय पाहणीत महाराष्ट्रात 35.3 टक्के निघालं, देशाचं 28.4, आणि राष्ट्रीय धोरण म्हणतं 2035 पर्यंत ते 50 वर न्यायचं. वरची ही मुलं येणार कुठून? शहरातली बरीच आधीच आलेली आहेत. ती येणार अशाच तांड्यांवरून, आणि ती टिकतील की गळतील हे विद्यापीठाला त्यांचा हंगाम ठाऊक आहे की नाही यावर ठरणार.

आता सगळ्यात गंभीर आक्षेप, आणि तो कौशल्यवाद्यांचा नाही, ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बंद दारं पाहिली त्यांचा आहे. तांड्यावरच्या मुलानं तांडाच शिकायचा का? विहिरी मोजत, आजीची गाणी टिपत त्यानं इथेच राहायचं, आणि जगाचं गणित, कायदा, तत्त्वज्ञान पुण्या-मुंबईच्या मुलांनी करायचं? हा धोका खरा आहे. स्थानिक ज्ञानाच्या गोड नावाखाली माणसाला त्याच्या जागी डांबून ठेवण्याची खोड आपल्याला आहेच. पण पंजाबराव देशमुखांकडे पाहा. पापळसारख्या खेड्यातला कुणब्याचा मुलगा विलायतेत गेला आणि त्यानं प्रबंध लिहिला तो वेदवाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर आणि विकासावर. त्यांच्या काळच्या व्यवहारी माणसानं कपाळावर हात मारला असता, शेतकऱ्याच्या पोराला वेद कशाला! त्याच माणसानं परत येऊन अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या लढ्यात उडी घेतली, शिवाजी शिक्षण संस्था उभारली, पुढे देशाचं कृषिमंत्रिपद सांभाळलं. ज्या विषयावर विशिष्ट वर्गाचाच हक्क मानला जायचा त्यात शिरून आलेल्या माणसाला मंदिराच्या दारापुढे कुणी शास्त्र सांगून गप्प बसवू शकत नव्हतं. तेव्हा मुलानं विहीरही मोजावी आणि त्यातून निघणाऱ्या आकड्यांवरची संख्याशास्त्राची पद्धतही जगातल्या कुठल्याही विद्यापीठात चालेल अशी शिकावी. पहिलं नसेल तर दुसरं पोपटपंची होते. दुसरं नसेल तर पहिलं बिनपगारी वेठ. दोन्ही एकाच पदवीत आणणं हेच विद्यापीठाचं काम, आणि कौशल्य केंद्राला नेमकं तेच जमत नाही.

पैसा कुठे आहे, प्राध्यापक कुठे आहेत, हा आक्षेप मी टाळत नाही. मंजूर जागा वर्षानुवर्षं रिकाम्या, तासिका तत्त्वावर काम करणारा सहायक प्राध्यापक मानधनाची वाट पाहणारा. त्याच्याकडून वीस वर्षांच्या नोंदींची अपेक्षा करणं ही थट्टाच आहे. या बाबतीत सरकारला दोष द्यावा तेवढा थोडा. पण जागा भरा म्हणून भांडायचं असेल तर आधी ते पद कशासाठी हवं हे लोकांना पटावं लागतं. विद्यापीठ म्हणजे परीक्षेचं ऑफिस हे एकदा मान्य केलं, की रिकाम्या जागांचं कुणालाच वाईट वाटत नाही, कारण परीक्षा तर तरीही होतातच. कौशल्यवाद्यांची टीका नकळत सरकारच्या पथ्यावर पडते ती अशी.

शिवाय सगळं पैशावर अडलेलं नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीत क्षेत्र प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांना श्रेयांक आले आहेत. राष्ट्रीय सेवा योजना 1969 पासून आहेच, तिचे वर्षाला 120 तास आणि सात दिवसांचं शिबिर आहे. म्हणजे मनुष्यबळ आहे, तास आहेत, गुणही आहेत. मात्र विद्यापीठानं विषय ठरवून दिला नाही, पद्धत शिकवली नाही, आलेली माहिती एका जागी जमा करून तपासली नाही, तर हे श्रेयांक ओळखीच्या दुकानदाराचा शिक्का मारलेल्या प्रमाणपत्रावर मिळवले जातील, आणि वहीत मागच्या वर्षीच्या वहीची नक्कल असेल. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा 2016 प्रत्येक विद्यापीठाकडून पाच वर्षांचा बृहत आराखडा मागतो. तो प्रामुख्यानं नवी कॉलेजं कुठे द्यायची याचा हिशेब होऊन बसतो. त्याच आराखड्यात प्रत्येक तालुक्यासाठी दीर्घ अभ्यासाचा एक विषय लिहायला वेगळा कायदा लागत नाही. अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधर दहा सदस्य निवडून देतात. मानोऱ्याच्या पदवीधरांनी नावनोंदणी केली आणि मत मागायला आलेल्याला परीक्षेच्या तारखेऐवजी मानोऱ्याच्या विहिरींबद्दल विचारलं, तर निदान त्याला उत्तर शोधायला या तालुक्यात एकदा यावं लागेल.